अलंकार, कथेचे घटक आणि पटवण्याच्या युक्त्या: नाव शेवटी लिहा

‘सारखा’ दिसला की उपमा, ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा, आणि काहीच हाती लागले नाही तर ठोकून द्यायची स्वभावोक्ती. शाळेच्या पेपरापासून स्पर्धा परीक्षांपर्यंत अलंकारांचे प्रश्न असेच सोडवले जातात आणि असेच चुकतात. कथेचे कथानक विचारले तर गोष्टीचा सारांश येतो. जाहिरात लोकांना कशी ओढते असे विचारले तर ‘आकर्षक शब्दांनी’ हे उत्तर येते. ते कुठल्याही जाहिरातीला चालते, म्हणून ते उत्तरच नव्हे.

दुखणे एकच आहे. आपण नावे आणि व्याख्या आधी पाठ करतो आणि मग कोणते नाव वाक्याला चिकटते ते बघत बसतो. क्रम उलटा हवा. वाक्यात काय चालले आहे ते आधी साध्या मराठीत सांगता आले पाहिजे, नाव त्यानंतर. पुढचे टप्पे त्याच क्रमाने लावले आहेत. एखादा टप्पा कंटाळवाणा वाटला तर भराभर उरका, पण दुसरा टप्पा वगळू नका. पुढची बहुतेक गाडी त्याच्यावर चालते.

## तयारी

एक वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा: ‘वाक्य’, ‘काय चालले आहे’ आणि ‘नाव’. तिसरा रकाना सुरुवातीला रिकामाच ठेवायचा.

आता वाक्ये जमवा, निदान चाळीस. व्याकरणाच्या पुस्तकातून घेऊ नका. गाइडमधली उदाहरणे पिढ्यान्‌पिढ्या तीच आहेत. ती वाचताना तुम्ही अलंकार ओळखत नसता, उत्तर आठवत असता. ट्रकच्या मागची वाक्ये, दुकानांच्या पाट्या, क्रिकेटचे समालोचन, लग्नपत्रिकेतल्या चारोळ्या, प्रचारसभेतली भाषणे, घरातल्या मोठ्या माणसांचे बोलणे, हे सगळे चालेल. भांडणातली वाक्ये तर आवर्जून लिहून ठेवा. माणूस चिडला की त्याच्या तोंडून पुस्तकातले निम्मे अलंकार धडाधड बाहेर पडतात.

चाळिसांपैकी दहा वाक्ये अगदी साधी, बिनअलंकाराची असू द्या. ‘इथे काही नाही’ हे ठामपणे सांगता येणे हाही अभ्यासाचाच भाग आहे.

तपासा: वहीत सगळी वाक्ये कवितेचीच आली असतील तर पुन्हा जमवा. कवितेत अलंकार असणारच असे आपण गृहीत धरतो आणि नजर आळशी होते.

## टप्पा १: गंमत शब्दाची की अर्थाची?

पहिला प्रश्न इतकाच. त्यासाठी जुनी आणि पक्की चाचणी आहे: शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा शब्द घाला. गंमत गेली तर शब्दालंकार, टिकली तर अर्थालंकार.

‘आमच्या नळात पाणी नाही आणि आमच्या पुढाऱ्यातही नाही.’ ‘पाणी’ काढून ‘जल’ घाला. वाक्य मेले. पहिल्या ठिकाणी प्यायचे पाणी, दुसऱ्या ठिकाणी धमक. दोन्ही अर्थ त्या एकाच शब्दात होते. हा श्लेष, म्हणजे शब्दालंकार.

‘काकूंनी कपाटातून कुरकुरीत कडबोळी काढली.’ ‘कुरकुरीत’च्या जागी ‘खुसखुशीत’ घातले, ‘कपाटा’च्या जागी ‘फडताळ’ घातले, की ‘क’ची रांग मोडली. हा अनुप्रास. ओळींच्या शेवटी किंवा ठरावीक जागी अक्षरे जुळत असतील तर यमक. शाळेच्या पातळीवर शब्दालंकार एवढेच, त्यामुळे इथे फार वेळ घालवू नका.

‘सडक तव्यासारखी तापली होती.’ ‘सडके’ऐवजी ‘रस्ता’ लिहा, ‘तापला’ऐवजी ‘पोळत होता’ लिहा. तुलना जागच्या जागी आहे. म्हणजे अर्थालंकार, आणि आता खरे काम सुरू.

सावधान: एका वाक्यात दोन्ही असू शकतात. कडबोळ्यांच्या वाक्यात उद्या कोणी तुलना घातली तर अनुप्रास पळून जात नाही. प्रश्न कशाबद्दल विचारला आहे ते आधी पाहा.

## टप्पा २: उपमेय शोधा

अर्थालंकारांचा मोठा गट तुलनेवर उभा आहे. तुलनेत चार गोष्टी असतात. ज्याच्याबद्दल बोलायचे आहे ते उपमेय. ज्याची उपमा दिली ते उपमान. दोघांत सारखा असलेला गुण तो साधारण धर्म. आणि तुलना जोडणारा ‘सारखा, प्रमाणे, जसा, परी, गत’ असा शब्द, तो साम्यवाचक शब्द.

‘सडक तव्यासारखी तापली होती’ यात सडक उपमेय, तवा उपमान, तापणे हा साधारण धर्म आणि ‘सारखी’ हा साम्यवाचक शब्द.

इथे घोटाळा होतो तो उपमेय आणि उपमान यांची अदलाबदल होऊन. त्यावर उपाय म्हणजे स्वतःला विचारायचे: बोलणारा खरोखर कुठे उभा आहे? तो सडकेवर उभा आहे, चुलीपुढे नाही. जे डोळ्यांपुढे आहे ते उपमेय. जे मनातून आणले ते उपमान. वाक्यात कोणता शब्द आधी येतो याला काही अर्थ नाही. ‘तव्यासारखी तापली होती ती सडक’ असे लिहिले तरी उपमेय सडकच.

तुमच्या चाळीस वाक्यांतली तुलना असलेली सगळी वाक्ये घ्या आणि दुसऱ्या रकान्यात एवढेच लिहा: ‘अमुकाबद्दल बोलतोय, तमुक आणलाय, कारण दोघांत हे सारखे आहे.’ अलंकाराचे नाव अजूनही लिहायचे नाही.

सावधान, ही वाक्ये फसवतात:

‘तो सारखा बोलत असतो.’ इथे ‘सारखा’ म्हणजे सतत. तुलनाच नाही.

‘तुझ्यासारखाच शर्ट मीही घेतला.’ तुलना आहे, पण शर्टाची शर्टाशी. एकाच जातीच्या दोन वस्तू शेजारी ठेवल्या म्हणून उपमा होत नाही. ती नुसती माहिती.

‘मला वाटते की पाऊस येईल.’ ‘वाटते’ आणि ‘की’ हे दोन्ही शब्द उत्प्रेक्षेच्या यादीत असतात, म्हणून हे वाक्य उत्प्रेक्षेत ढकलणारे आहेत. उपमेय कुठे आहे? उपमान कुठे आहे? दोन्ही नसतील तर यादीतला शब्द बिनकामाचा.

‘पोटात कावळे ओरडायला लागले.’ हा वाक्प्रचार. कधीकाळी कुणीतरी केलेली ती ताजी कल्पना असेल. आता तिचा अर्थ फक्त ‘भूक लागली’. परीक्षेत तो वाक्प्रचार म्हणूनच विचारतात.

## टप्पा ३: एकच जोडी, सगळे अलंकार

हा टप्पा सावकाश करा. प्रत्येक अलंकाराला वेगळे उदाहरण घेतले की उदाहरणेच लक्षात राहतात, फरक नाही. म्हणून जोडी एकच ठेवायची आणि उपमेय-उपमानातले अंतर बदलत न्यायचे. आपली जोडी सडक आणि तवा.

उपमा: दुपारी सडक तव्यासारखी तापली होती. दोन्ही वेगळे आहेत आणि शेजारी ठेवले आहेत.

उत्प्रेक्षा: दुपारची सडक जणू चुलीवरचा तवाच. अंतर कमी झाले. ही तवाच आहे अशी कल्पना केली, पण ‘जणू’ म्हणून कल्पनेची कबुलीही दिली.

रूपक: सडकेच्या तव्यावर आमचे तळपाय भाजून निघाले. कबुली गेली. सडक आणि तवा एकच झाले.

अपन्हुती: ही सडक नव्हेच, तवा आहे तवा! उपमेय साफ नाकारले. ‘नव्हे, नाही, कसली’ असे शब्द इथे येतात.

व्यतिरेक: तवा परवडला, चूल विझली की निवतो, ही सडक दिवस मावळला तरी निवत नाही. उपमेय उपमानाच्या वर गेले.

अनन्वय: आमच्या सडकेसारखी तापणारी आमची सडकच. जोडीला उपमान उरलेच नाही.

ससंदेह: ही सडक म्हणावी की तवा? बोलणाऱ्याचा निर्णय होत नाही.

भ्रान्तिमान: तवा समजून म्हातारीने सडकेवर भाकरी टाकली. निर्णय झाला, चुकीचा झाला, आणि त्यावर कृतीही झाली.

अतिशयोक्ती: सडकेवर थेंब पडायच्या आत हवेतच त्याची वाफ झाली. इथे तवा हवाच असे नाही. गोष्ट शक्यतेच्या पलीकडे ताणली की झाले.

आता पहिली सहा वाक्ये पुन्हा वरून खाली वाचा. ‘त्याच्यासारखे’, ‘जणू तेच’, ‘तेच’, ‘हे नव्हे, तेच’, ‘त्याहून वरचढ’, ‘यासारखे हेच’. सहा व्याख्या पाठ करण्यापेक्षा ही उतरंड लक्षात ठेवणे सोपे. परीक्षेत अडलात तर दिलेल्या ओळीतले उपमेय-उपमान काढा आणि ती ओळ या उतरंडीत कुठे बसते ते पाहा.

सगळ्यांत जास्त गल्लत ससंदेह आणि भ्रान्तिमान यांत होते, कारण दोन्हीकडे मन गोंधळलेले आहे. कृती शोधा. कोणी फसून काही केले असेल तर भ्रान्तिमान. प्रश्न विचारून थांबले असेल तर ससंदेह.

करून पाहा: स्वतःची एक जोडी निवडा. चंद्र-मुख आणि कमळ-डोळे सोडून काहीही. लोकल आणि पोळे, हापूसची पेटी आणि तिजोरी, सासऱ्यांचे घोरणे आणि ट्रॅक्टर. नऊच्या नऊ वाक्ये लिहा. पाचवे किंवा सहावे वाक्य अडेल. अडले की समजा, त्या अलंकाराची व्याख्या तुम्हाला फक्त पाठ होती.

## टप्पा ४: तुलना नसलेले अलंकार

उपमेय-उपमान शोधूनही हाती लागले नाहीत तर दुसरे प्रश्न विचारायचे.

निर्जीवाला माणसासारखे वागवले आहे का? ‘सडक दुपारभर धापा टाकत पडली होती.’ चेतनगुणोक्ती.

एकमेकांना छेद देणाऱ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, पण विचार केल्यावर पटतात? ‘मोबाइल हातात आल्यापासून घरातली माणसे शेजारी बसून लांब गेली.’ विरोधाभास.

वरून स्तुती आणि आतून चिमटा? ‘काय तुमचे वक्तशीरपण! दहाची मीटिंग आणि बाराला हजर!’ व्याजस्तुती. उलट प्रकारही यातच येतो, वरून निंदा आणि आतून कौतुक.

एकाला उद्देशून दुसऱ्याला टोला? अन्योक्ती. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण ज्या घरात वापरली जाते तिथे हा अलंकार समजावून सांगावा लागत नाही.

जसे आहे तसे, पण अचूक आणि हुबेहूब वर्णन? ‘म्हैस बसताना आधी पुढचे गुडघे टेकते, मग मागचा भार सोडते आणि नाकातून फुस्स करते.’ स्वभावोक्ती. हिला कोणी उरलासुरला डबा समजू नये. ‘म्हैस खाली बसली’ ही स्वभावोक्ती नव्हे. तपशील इतका नेमका हवा की म्हैस न पाहिलेल्यालाही ती बसताना दिसली पाहिजे.

राहिली ती दृष्टान्त आणि अर्थान्तरन्यास ही भांडखोर जोडी. दोन्हीकडे दोन विधाने असतात आणि दुसरे पहिल्याला आधार देते. चाचणी अशी: पहिले विधान दुसऱ्याच्या पोटात मावते का?

‘बंडूने पहिल्याच दिवशी गाडी खांबावर घातली, नवशिक्याच्या हातून चुका व्हायच्याच.’ बंडू हा नवशिक्यांपैकी एक. मावला. अर्थान्तरन्यास.

‘मोठ्या पदावरच्या माणसालाच बोलणी खावी लागतात, उंच झाडालाच वारा जास्त झोंबतो.’ माणूस झाडांत मावत नाही. दोन्ही विधाने समांतर धावतात. दृष्टान्त.

## टप्पा ५: अलंकाराने काय केले ते सांगा

रसग्रहणात सगळ्यांत जास्त वापरलेले आणि सगळ्यांत निरुपयोगी वाक्य: ‘या अलंकारामुळे काव्याचे सौंदर्य वाढले आहे.’ ते खोडा. त्या जागी दोन वाक्ये लिहायची.

पहिल्यात उपमानाने स्वतःबरोबर काय आणले ते. सडकेला तवा म्हटले तेव्हा नुसती उष्णता आली नाही. काळा रंग आला, चुलीची धग आली, आणि त्यावर भाजली जाणारी वस्तू आली. ती वस्तू म्हणजे चालणारा माणूस. सडकेला ‘भट्टी’ म्हटले असते तर उष्णता आली असती, पण पायाखालचा सपाटपणा आला नसता.

दुसऱ्यात, अलंकार काढून टाकला तर काय कमी होईल ते. ‘सडक खूप तापली होती’ असे लिहिले तर तळपायाला काही कळत नाही.

तपासा: तुमचे उत्तर दुसऱ्या कवितेखाली जसेच्या तसे चिकटवता येते का? येत असेल तर पुन्हा लिहा.

## टप्पा ६: गोष्टीत कोणाला काय हवे आहे?

कथेचे घटक म्हणून कथानक, पात्रे, संघर्ष, स्थळ-काळ, निवेदन, संवाद, आशय अशी यादी तोंडपाठ असते. ती बाजूला ठेवा आणि सगळ्यांना माहीत असलेली म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घ्या. लहान मुलांची गोष्ट आहे म्हणून नाक मुरडू नका. तिची बांधणी अनेक प्रौढ कथांपेक्षा घट्ट आहे.

आधी विचारा: म्हातारीला काय हवे आहे? लेकीकडे जायचे आहे आणि जिवंत परत यायचे आहे. आड काय येते? जंगल, वाघ, कोल्हा. हवे आणि आडवे समोरासमोर आले की संघर्ष. नुसता वाघ म्हणजे संघर्ष नव्हे. म्हातारी घरीच बसली असती तर वाघ जंगलात होताच.

मग कथानक. त्यासाठी घटना एकेका ओळीत लिहा आणि दोन ओळींमध्ये कोणता शब्द बसतो ते पाहा. ‘मग’ बसला तर तो नुसता क्रम आहे. ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसला तर कथानक आहे.

म्हातारी जंगलातून निघाली, *पण* वाघ आडवा आला. *म्हणून* तिने ‘लठ्ठ होऊन येते, मग मला खा’ असे वचन दिले. *म्हणून* ती सुटली, *पण* परतीची वाट आता आणखी धोक्याची झाली. *म्हणून* भोपळा.

सगळी गोष्ट त्या वचनावर उभी आहे. ते काढले तर भोपळ्याची गरजच उरत नाही. परीक्षेत मुद्द्यांवरून किंवा अपुरी कथा पूर्ण करायला येते तेव्हा मुले मुद्दे ‘मग’ने जोडत जातात, शेवटी नायकाचा सत्कार करतात आणि तात्पर्य लिहून मोकळी होतात. लिहायला बसण्यापूर्वी समासात फक्त ‘पण’ आणि ‘म्हणून’ यांची साखळी मांडा. त्याला फार वेळ लागत नाही, आणि मधेच कथा अडत नाही.

पात्रांबद्दल: ‘म्हातारी हुशार होती’ हे वर्णन झाले. तिने वाघापुढे हातपाय न गाळता मुदत मागितली, ही कृती. उत्तरात कृती लिहा आणि मग गुण. विशेषणांची माळ ओवू नका.

तपासा: स्थळ-काळ बदलून पाहा. जंगलाऐवजी बाजारपेठ ठेवली तर गोष्ट चालते का? चालत नसेल तर स्थळ कथेत काम करते आहे. चालत असेल तर ती नुसती पाठीमागची भिंत.

## टप्पा ७: निवेदक बदला

लेखक आणि निवेदक एकच, हा समज मोडायला व्याख्या उपयोगी पडत नाही. एकदा हात चालवावा लागतो. तीच गोष्ट वाघाच्या तोंडून पाच ओळींत लिहा:

‘त्या दिवसापासून मी वाटेवर बसून होतो. म्हातारी काही येईना. आला तो एक भोपळा, टुणुक टुणुक उड्या मारत. मी विचारले, बाबा रे, एखादी म्हातारी दिसली का? आतून आवाज आला. भोपळे बोलतात हे मला ठाऊक नव्हते.’

घटना त्याच, पण बदलले काय ते पाहा. मूळ गोष्टीत भोपळ्यात कोण आहे हे ऐकणाऱ्याला माहीत असते, वाघाला नसते. मुले त्या गुपितावर हसतात. वाघाने सांगितल्यावर वाचकालाही भोपळ्यात काय आहे ते दिसत नाही, आणि आपण चक्क वाघाच्या बाजूने होतो. निवेदक बदलला की माहिती कोणाकडे आहे ते बदलते आणि सहानुभूतीही सरकते. ‘प्रथमपुरुषी निवेदनामुळे कथेत जिवंतपणा येतो’ या ठोकळेबाज उत्तरापेक्षा हे लिहा.

सावधान: आशय आणि तात्पर्य वेगळे. ‘संकटात डोके शांत ठेवावे’ हे तात्पर्य. ते शंभर गोष्टींना लागते. आशय त्याच गोष्टीपुरता असतो: अंगात बळ नसलेली बाई बळवंताच्या हावरेपणाचाच उपयोग करून वेळ विकत घेते.

## टप्पा ८: पटवणारा माणूस काय करायला लावतो आहे?

जाहिरात, प्रचाराचे भाषण, व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड, कशालाही हात घालण्यापूर्वी तीन गोष्टी लिहा: कोण बोलतो, कोणाला, आणि ऐकणाऱ्याने नेमके काय करावे म्हणून. तिसरे उत्तर क्रियापदात हवे: विकत घ्यावे, मत द्यावे, पुढे पाठवावे, गप्प बसावे.

नंतर युक्त्या. ॲरिस्टॉटलची विश्वास, भावना आणि तर्क ही विभागणी चांगली आहे, पण सुरुवातीला मराठी माणसाच्या हाताशी साम, दाम, दंड, भेद ही त्याहून सोयीची चौकट असते. साम म्हणजे गोड बोलणे, आपलेपणा, कौतुक. दाम म्हणजे सवलत, मोफत, बक्षीस. दंड म्हणजे भीती. भेद म्हणजे इतरांबद्दल, किंवा स्वतःबद्दलच, मनात शंका पेरणे. या चौघांत न बसणाऱ्या तीन युक्त्या वेगळ्या लिहा: साक्ष (डॉक्टरचा पांढरा कोट, नटाचा चेहरा), गर्दी (‘लाखोंची पसंती’) आणि घाई (‘ऑफर आजच संपते’).

एक बनवलेली जाहिरात घेऊ:

‘शेजारच्या मुलाला नव्वद टक्के. तुमच्या मुलाला? दहावी आयुष्यात एकदाच येते! तालुक्यातल्या शेकडो पालकांचा विश्वास. फक्त शेवटच्या १२ जागा. आज प्रवेश घेणाऱ्यांना वह्यांचा संच मोफत.’

पहिली दोन वाक्ये भेद: पालकाच्या मनात स्वतःच्या मुलाबद्दल शंका पेरली, तीही प्रश्न विचारून, म्हणजे खोटे बोलल्याचा आळ नको. तिसरे दंड. चौथे गर्दी. पाचवे घाई. सहावे दाम. आता उरले काय ते पाहा. शिकवणार कोण? एका तुकडीत मुले किती? फी किती? एकही अक्षर नाही. उत्तरात हे ‘नसलेले’ लिहिणारे फार थोडे असतात, आणि विश्लेषणाचा जीव तिथेच असतो.

यानंतर दावा आणि सजावट वेगळी करा. ‘जगात भारी चहा’ ही सजावट, टप्पा ३ मधली अतिशयोक्ती. तिला पुरावा कोणी मागत नाही. ‘सात दिवसांत केसगळती बंद’ हा दावा. तो तपासता येतो आणि पुरावा मागता येतो. भारतीय जाहिरात मानक परिषदेची आचारसंहिताही हाच फरक करते: करमणुकीसाठी केलेली, उघड दिसणारी अतिशयोक्ती चालते, खरी वाटेल अशी खोटी माहिती चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली कारवाई होते. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खालच्या बारीक सूचनेची भाषा आणि वरच्या दाव्याची भाषा एकच असावी लागते. मराठीत दावा आणि तळाशी इंग्रजीत ‘अटी लागू’ असे दिसले तर वहीत टिपून ठेवा. उदाहरण म्हणून ते सोन्यासारखे आहे, आणि तक्रार करायची झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

सावधान: युक्ती वापरली म्हणजे माणूस खोटे बोलतो असे नव्हे. ‘हेल्मेट घाला, घरी कोणीतरी वाट पाहतेय’ यात भावनाही आहे, भीतीही आहे, आणि सल्ला योग्यच आहे. युक्ती ओळखणे एक, दावा तपासणे दुसरे. दोन्हींची सरमिसळ करणारा विद्यार्थी सगळ्याच जाहिरातींना ‘फसवणूक’ म्हणून मोकळा होतो.

## टप्पा ९: स्वतः पटवून पाहा

ओळखता येते ते वापरता येते का, याची परीक्षा साध्या अर्जात होते. विषय घ्या: वस्तीच्या वळणावर दिवा हवा आहे, अर्ज ग्रामपंचायतीला.

पहिला मसुदा बहुधा असा येतो: ‘काळ्याकुट्ट अंधाराच्या राक्षसाने आमची वस्ती गिळली आहे. आपण आमचे मायबाप आहात. तरी कृपया लक्ष द्यावे.’ रूपक आहे, चेतनगुणोक्ती आहे, साम तर ओसंडून वाहते आहे. मागणी कुठे आहे? ‘लक्ष द्यावे’ यावर ग्रामसेवकाने करायचे काय?

या क्रमाने लिहा:

१. मागणी एका वाक्यात, क्रियापदासह: ‘शाळेच्या वळणावरील खांबावर दिवा बसवावा.’

२. कारण, आणि ते कोणाला भोवते: संध्याकाळच्या शिकवणीहून परतणारी मुले त्याच वळणावरून येतात.

३. पुरावा: खांब आहे, वायर आहे, फक्त दिवा नाही. फोटो जोडा, तारीख घाला.

४. समोरच्याचा संभाव्य आक्षेप आणि त्याचे उत्तर: ‘नवा खांब उभारण्याचा खर्च नाही.’ या एका ओळीने अर्ज जितका पुढे सरकतो तितका ‘मायबाप’ने सरकत नाही.

५. मुदत आणि पुढची कृती: येत्या ग्रामसभेत विषय घ्यावा.

भावना हवी असेल तर एकच जागा ठेवा, दुसऱ्या मुद्द्यात, आणि तिथेही रूपकाऐवजी स्वभावोक्तीसारखा नेमका तपशील द्या: ‘मुली त्या वळणावर मोबाइलची बॅटरी लावून, एकमेकींचा हात धरून चालतात.’ इथे राक्षस लागत नाही.

लिहून झाल्यावर अर्ज घरातल्या कोणाला तरी वाचून दाखवा आणि एवढेच विचारा: ‘मी काय मागतोय?’ उत्तर एका वाक्यात आले नाही तर पहिल्या मुद्द्यापासून पुन्हा सुरू करा. आले तर दोन प्रती काढा, एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर तारखेसह पोच घेऊन ती वहीत लावून ठेवा. तिसरा रकाना आता भरायला हरकत नाही.